पावसाकडे पाठ करून बसलेली घरे

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नसरापूरच्या अलीकडे-पलीकडे, चेलाडी फाट्यापासून वेल्ह्याच्या रस्त्याला लागले की विक्रीचे फलक सुरू होतात. लेक व्ह्यू, फोर्ट व्ह्यू, स्वतंत्र सातबारा, तयार बंगला, जुने घर नव्याने बांधून. भोरच्या बाजूला भाटघर धरणाच्या काठाने गेलात तरी हेच शब्द दिसतात. शहरातल्या दोन-तीन खोल्यांत आयुष्य गेलेल्या कुटुंबाला यातला प्रत्येक शब्द ओढून घेतो आणि त्यात गैर काहीच नाही. मोठी ओसरी, मुलांना धावायला अंगण, समोर पाणी किंवा राजगड, हे कुणाला नको असेल? मात्र ज्या मुलखात हे घर घ्यायचे, त्या मुलखातल्या जुन्या माणसांनी घरे कुठे आणि कशी बांधली होती, हे आधी पाहायला हवे. भोर-वेल्ह्याच्या जुन्या वस्त्यांत घर देखाव्याकडे तोंड करून क्वचितच बसलेले असते. बहुतेक वेळा ते देखाव्याकडे पाठ करते.

याचे कारण नकाशात आहे. वेळवंडी, नीरा, गुंजवणी, कानंदी, आंबी, मोसे या सगळ्या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे उतरतात. खोऱ्याच्या वरच्या टोकाकडे, म्हणजे जिथे डोंगर सर्वांत देखणे दिसतात तिकडे पाहायचे, तर तोंड पश्चिमेला करावे लागते. वेल्हे गावातून तोरणा नैर्ऋत्येला दिसतो. गुंजवण्यातून राजगडही साधारण त्याच दिशेला दिसतो. मोसमी वारा आणि पाऊस नेमका पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडूनच येतो. १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावर आदळून तो खाली कोसळतो तेव्हा सरळ पडत नाही, आडवा येतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या भिंतीवर असा मारा सुरू असतो. घाटमाथ्याजवळच्या केळदसारख्या गावात आणि पूर्वेला नसरापूरच्या आसपास पडणाऱ्या पावसात मोठा फरक आहे. अवघ्या काही कोसांत हवामान बदलते. म्हणून एका गावात टिकलेले घराचे रूप दुसऱ्या गावात टिकेलच असे नाही.

जुन्या घराने या पावसाला दिलेले उत्तर साधे होते. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नाही, असली तर हातभर. छपराची पाखी त्या बाजूला इतकी खाली उतरलेली की वळचणीखालून वाकूनच जावे लागते. जोते दगडी आणि उंच. गुरांचा गोठा आणि लाकूडफाट्याची खोली पाऊस येणाऱ्या अंगाला, म्हणजे माणसे राहतात त्या माजघराला आपोआप एक जास्तीची भिंत मिळाली. पावसाळ्याआधी त्या अंगाला गवताचा, पाल्याचा आडोसा बांधायचा. आता त्याच जागी निळे प्लास्टिक दिसते. ओसरी मात्र पूर्वेला किंवा उत्तरेला उघडी. सकाळचे ऊन तिथे येते, धान्य तिथेच वाळते, पाहुणा तिथेच टेकतो.

त्याउलट, नव्या विक्रीच्या बंगल्यात सर्वांत मोठी काच कुठे असते? जिकडून देखावा दिसतो तिकडे. म्हणजे जिकडून पाऊस येतो तिकडे. पहिली दोन वर्षे काही कळत नाही. मग काचेच्या चौकटीखालून पाणी आत झिरपते, सज्जाच्या सपाट स्लॅबवर ते तुंबते, आतल्या भिंतीवर लोणा चढतो. वेल्ह्याच्या बाजूला फिरताना अनेक बंगल्यांच्या सिमेंटच्या स्लॅबवर नंतर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे उतरते छप्पर घातलेले दिसेल. त्या घरमालकांनी जुन्या घरांचा धडा पैसे मोजून घेतलेला असतो. घर पाहायला बहुतेक लोक नोव्हेंबर-डिसेंबरात जातात, गवत सोनेरी असते, पाणी भरलेले असते, हवा कोरडी असते. घर जुलैत पाहावे असे माझे ठाम मत आहे. चांगली झड लागलेली असताना तासभर त्या दिवाणखान्यात बसावे. विकणाऱ्याने हे टाळले, तर त्यातूनही उत्तर मिळते.

नूतनीकरण केलेले जुने घर ही या भागातली सर्वांत मोलाची वस्तू आहे, पण ते कशाने नवे केले यावर सगळे अवलंबून आहे. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळापासून सचिवपद आले आणि १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत इथे राजधानी नांदली. १८६९ सालचा राजवाडा आजही उभा आहे. त्याच्या चौकांत आणि दरबारी दालनात मराठी वाड्याची लाकडी खांबांची परंपरा आणि युरोपीय वळणाच्या कमानी शेजारी शेजारी दिसतात. राजवाड्याभोवती कारकून, इनामदार, व्यापारी यांचे लहान-मोठे वाडे उभे राहिले. त्यांतले काही पडले, काही भाडेकरूंनी भरले आणि थोडे विक्रीला येतात.

अशा वाड्याचा जीव भिंतीत नसून लाकडी सांगाड्यात असतो. घडीव दगडाच्या तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, वर आढे आणि वासे. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण आणि जुन्या दस्तांत घराचे माप खणांतच लिहिलेले सापडते. सांधे कुसू आणि खाच बसवून, पाचर मारून केलेले. खिळा कमी, त्यामुळे सांगाडा थोडा हलू शकतो आणि तुटत नाही. मधल्या भिंती भाजक्या विटांच्या किंवा मातीच्या भेंड्यांच्या. त्या सांगाड्याच्या पोटात भरलेल्या असतात, छपराचे ओझे मुख्यतः खांब घेतात. म्हणून एखादी भिंत फुगली तरी घर उभे राहते आणि खांबाचा तळ कुजला तर सरळ दिसणारे घरही धोक्याचे असते.

गंमत वाटेल, पण जगाच्या दुसऱ्या टोकाला याच गुणांवर एक मोठी घरबांधणीची चळवळ उभी राहिली. अमेरिकेत गुस्ताव स्टिक्ली या फर्निचर बनवणाऱ्या माणसाने १९०१ साली ‘द क्राफ्ट्समन’ नावाचे मासिक काढले आणि १९१६ पर्यंत चालवले. कारखान्यातल्या खोट्या नक्षीऐवजी हाताने घडवलेले, सांधे उघडे दाखवणारे लाकूडकाम, उतरते बुटके छप्पर, बाहेर आलेले वासे आणि समोर खोल ओसरी असे घर सामान्य कुटुंबाला परवडावे, म्हणून त्यात आराखडे छापले जात. त्या घरांना तिकडे क्राफ्ट्समन बंगला म्हणतात. कॅलिफोर्नियात पासाडेना गावी ग्रीन बंधूंनी १९०८ च्या सुमारास बांधलेले गॅम्बल हाउस हे त्यातले सर्वांत नावाजलेले. बंगला हा प्रकार मुळात आपल्याकडचा, बंगालच्या घरावरून इंग्रजांनी उचललेला आणि त्यांच्याबरोबर जगभर गेलेला. आज अमेरिकेत असे घर विकताना मूळ लाकूडकाम शाबूत आहे हे अभिमानाने सांगतात, त्याची किंमत मागतात. आपल्याकडे मात्र नूतनीकरण म्हणताच सागाच्या खांबांना तेलरंग फासतात, कडीपाटाखाली पीओपीचे खोटे छत ठोकतात आणि ओसरीला काच लावून ती बंद करतात. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायचे, ती झाकली जाते, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

झाकण्याने नुसते रूप जात नाही, घराचे आयुष्यही कमी होते. माती आणि चुना या दोन्ही वस्तू ओल शोषतात आणि कोरड्या दिवसांत बाहेर सोडतात. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की जमिनीतून वर चढलेली ओल आतच अडकते. सिमेंट कडक, माती मऊ, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या गतीने फुगतात-आकसतात, मध्ये पोकळी होते आणि एका पावसाळ्यात गिलाव्याचा पापुद्रा सुटतो. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत चिणलेली तुळयांची टोके ओलीच राहतात. वाळवीला आणि बुरशीला एवढेच हवे असते. जुने गवंडी चुना आठवडे-आठवडे भिजवून, वाळूबरोबर घाणीत मळून, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालून वापरत. त्या गिलाव्याला वाळायला वेळ लागतो, पण तो भिंतीला श्वास घेऊ देतो. मातीच्या भेंड्यांच्या घराला बाहेरून सिमेंट केलेले दिसले, तर त्या नूतनीकरणाची किंमत वाढवून देऊ नये, उलट ते काढण्याचा खर्च वजा करावा.

पारख करायला फार साधने लागत नाहीत. खांबाच्या तळाशी, तळखड्यापासून वीतभर उंचीपर्यंत एखादा टोकदार स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. आत शिरला तर लाकूड गेले आहे. लांब उभे राहून आढे पाहावे, ते मध्ये खचले असेल तर खालचा एखादा खांब बसला आहे. माळ्यावर चढून वाशांची टोके आणि कौलांखालचे डाग पाहावेत. ऐन, सागवान, जांभूळ ही लाकडे नीट राखली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात आणि कुजलेला तळ कापून त्याला तशाच लाकडाचा नवा तुकडा सांधणारे सुतार अजून आहेत. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौले हळूहळू घाटावरही पसरली. त्याआधी इथे नळीची कौले किंवा गवताचे छप्पर असे. कोणत्याही कौलारू घराला दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी लागते, फुटकी कौले बदलावी लागतात, त्यात वानरांचा उपद्रव वेगळा. वर्षातून चार वेळा शनिवार-रविवार येऊन जाणाऱ्या कुटुंबाने हा खर्च आणि गावातला एक विश्वासाचा माणूस आधीच धरून चालावे.

आता पाण्याबद्दल. लेक व्ह्यू म्हणून जे विकले जाते, ते या दोन तालुक्यांत तळे नसून सिंचनाचे किंवा पिण्याच्या पाण्याचे धरण असते. वेळवंडीवरचे भाटघर, म्हणजे आताचा येसाजी कंक जलाशय, लॉईड धरण या नावाने १९२७ साली पुरे झाले, साठा सुमारे २३.५ टीएमसी. नीरा-देवघर जवळजवळ १२ टीएमसीचे. वेल्ह्यातले पानशेत आणि वरसगाव पुण्याला पाणी देतात आणि १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरे होण्याआधीच फुटलेले पानशेत तर पुण्यातली जुनी पिढी विसरलेली नाही. भाटघरचे पाणी नीरेच्या उजव्या-डाव्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसच्या शेतांकडे जाते. आवर्तने सुटत जातात तसा काठ मागे हटतो आणि मे महिन्यात घरासमोर चिखलाच्या भेगा पडलेले मैदान असते. त्या दिवसांत वेळवंड खोऱ्यात कांबरे गावाजवळचे एरवी पाण्याखाली असणारे कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. देखावा वर्षभर सारखा राहणार नाही, हे घेणाऱ्याला माहीत हवे. आणि त्या पाण्याखाली कुणाची तरी भातखाचरे आहेत, हेही. खोऱ्यातली काही गावे उठून दूर लाभक्षेत्रात गेली, काही डोंगराच्या अंगाला वर सरकली. काठावरची आजची मोक्याची घरे पुष्कळदा अशा वर सरकलेल्या लोकांचीच आहेत.

यामुळेच इथली कागदपत्रे शहरातल्या सदनिकेसारखी सरळ नसतात. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे मिळकत पत्रिका किंवा सनद पाहायची आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा केवळ घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे ध्यानात ठेवायचे. पुणे जिल्ह्यातच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला, पुढे २०२० पासून स्वामित्व योजनेत गावोगाव मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. घर शेतजमिनीवर असेल तर प्रश्न वाढतात. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदीच्या कायद्याने जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये ठरले, तेव्हा दोन-चार गुंठ्यांचा प्लॉट आणि त्यावर अनेक नावांचा सामाईक सातबारा दिसला की थांबावे.

सातबाऱ्याच्या इतर हक्कांचा रकाना शांतपणे वाचावा. तिथे कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असू शकतो. अशी जमीन कुळाने विकत घेऊन दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून विकता येते, पण ती भरल्याची पावती मागावी. भोगवटादार वर्ग २, पुनर्वसनासाठी राखीव, खाजगी वन हे शेरे तर फार जपून पाहण्याचे. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याचे शेरे डोंगरउतारावरच्या अनेक गटांवर आहेत आणि व्ह्यू बहुधा डोंगरउतारावरूनच असतो. दोन्ही तालुक्यांचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत आहे, बाकी ठिकाणी प्रादेशिक योजनेचे नियम, आणि एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात इथली गावे आहेत. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण मसुद्यात राहत्या घरांच्या दुरुस्तीला मोकळीक आहे आणि बंदी २० हजार चौरस मीटरपासूनच्या मोठ्या बांधकामांना आहे.

जुन्या वाड्यात सर्वांत अवघड असतात वारस. आजोबांच्या नावावर राहिलेले घर, चार भाऊ, त्यांतला एक मुंबईत, तीन बहिणी सासरी. मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदवलेले नसेल, तर समोर बसलेला दादा कितीही सज्जन असला तरी तो एकटा घर विकू शकत नाही. तीस वर्षांचे फेरफार आणि सूची क्रमांक दोन काढून घेणारा स्थानिक वकील यासाठी लागतोच.

उताराबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. ३० जुलै २०१४ रोजी याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी वरंध घाटाच्या पलीकडे महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. आपल्याकडच्या डोंगरात काळ्या खडकावर मुरमाचा आणि मातीचा थर असतो. पाणी त्या दोहोंच्या सांध्यात साठले की वरचा थर घसरतो. देखाव्यासाठी जेसीबीने उतार कापून केलेला सपाट प्लॉट, मागे उभी कापलेली माती आणि ओढ्याच्या जुन्या वाटेवर टाकलेला भराव ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर घर कितीही देखणे असो, मी माझ्या माणसांना तिथे झोपू देणार नाही. गावातल्या वयस्कर बाईंना विचारावे, त्या अंगाने पावसात पाणी कुठून येते. त्यांचे उत्तर नकाशापेक्षा नेमके असते.

आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, त्या दृश्याचे काय? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षे खिडकीतून येणाऱ्या उजेडावर आणि हवेवर हक्क सांगता येतो, पण खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यावर असा वहिवाटीचा हक्क मिळत नाही. समोरच्या गटात उद्या कुणी नियमात बसणारी दोन मजली इमारत उभी केली, तर राजगड तिच्यामागे जाईल आणि न्यायालयात मागण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून घराइतकीच घरासमोरच्या गटांची चौकशी करावी. समोर धरणाच्या संपादित क्षेत्राची किंवा वन विभागाची जमीन असेल, तर देखावा सहसा टिकतो. समोर कुणाची इंद्रायणीची किंवा आंबेमोहोराची खाचरे असतील, तर तो शेतकरी भात लावत राहील तोवरच समोरचे मोकळे राहील. त्याला चांगला भाव मिळतो का, त्याची मुले शेती करणार आहेत का, त्याच्याशी जाण्या-येण्याच्या वाटेचा काही वाद आहे का, हे त्याच्याच ओसरीवर बसून विचारावे, आणि जमले तर दरवर्षीचा तांदूळ त्याच्याकडूनच घ्यायचा करार करून टाकावा.